फॉर्मवरची तारीख

आमच्या घरात बाईची पाळी आली की ती सगळ्यांना कळायची आणि तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचं नाही. वहिनी चार दिवस पडवीतल्या कोपऱ्यात बसायच्या. त्यांची सतरंजी वेगळी, तांब्या वेगळा. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, देव्हाऱ्याकडे फिरकायचं नाही. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की पुन्हा चुलीपुढे. चूल म्हणजे गॅसच, पण बोलण्यात अजून चूलच होती. मी तेव्हा तिशीला टेकलेला, लग्न व्हायचा, मेहकर तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवणारा मास्तर. आता कुणी म्हणेल, विज्ञानाचा मास्तर आणि घरात हे चाळे? म्हणू दे. शाळेत विज्ञान शिकवायचं आणि घरी माय वाढेल ते मुकाट्यानं जेवायचं, यात मला कधी काही अडलं नाही. मला कळायचं ते भाकरीवरून. वहिनींची भाकर पातळ, काठापर्यंत सारखी. मायची जाड आणि एका बाजूनं करपलेली. ताटात मायची भाकर आली की समजायचं, वहिनी बाजूला बसल्या आहेत.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे काही झालं ते मी भाकरीवर विश्वास ठेवल्यामुळे झालं. निदान सुरुवात तरी तिथून झाली. नंतरचं सगळं माझं स्वतःचं आहे, त्यात भाकरीचा काही दोष नाही.

दादाचं लग्न होऊन सात वर्षं झाली होती. वहिनींना दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसरा महिना भरायच्या आत सगळं संपलं. दुसऱ्या वेळी मायनं हौसेनं गल्लीभर सांगून टाकलं होतं, आणि मग गल्लीभरच्या बाया समजूत घालायला आल्या. समजूत घालायला आलेल्या बाया काय काय बोलतात ते मी आतल्या खोलीत पेपर तपासत ऐकलं आहे. त्या गेल्यावर माय वहिनींना म्हणाली, "आता पुढच्या टायमाले तीन महिने भरल्याशिवाय कोनाले सांगू नोको बाई. मले बी सांगू नोको. माह्या तोंडात काही राह्यत नाही." ती खरंच बोलली. मायच्या तोंडात काही राहत नव्हतं. वहिनींनी मान हलवली.

त्यानंतर वर्षभरात वहिनी वाळत गेल्या. जेवण दुप्पट आणि अंगावर काही दिसेना. थंडीतही कपाळावर घाम. परात धरली की हात थरथरायचे, आणि जिना चढून गच्चीवर गेल्या की छातीवर हात ठेवून उभ्या राहायच्या. स्वभावानं अगदी शांत बाई, पण एकदा दूध उतू गेलं म्हणून त्यांनी सांडशी अशी आपटली की दादा अंगणातून धावत आला. माय म्हणायची लेकराची चिंता लागली आहे. मीही तेच म्हणायचो. गळ्याच्या उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ होती, पण पदरामुळे ती आम्हाला दिसली नाही, आणि वहिनींनी ती कुणाला दाखवली नाही.

शेवटी मेहकरच्या डॉक्टरांनी गळ्याला हात लावला, पाणी प्यायला सांगितलं, घोटाबरोबर गाठ वर सरकते की नाही ते पाहिलं आणि रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. घरातला शिकलेला माणूस म्हणून मला. ते म्हणाले, "थायरॉईड गरजेपेक्षा फार जास्त काम करतोय. आता ही गाठ एकटीच करतेय की सगळी ग्रंथी करतेय, हे पाहावं लागेल. त्यावर पुढचा इलाज ठरेल. स्कॅन आपल्याकडे होत नाही, संभाजीनगरला जावं लागेल." तोवर त्यांनी नुसती धडधड कमी करायची गोळी दिली.

सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस होते. मजूर मिळाले त्या दिवशी मालकानं वावर सोडायचं नसतं. दादा म्हणाला, "तूच जाय बे वहिनीले घेऊन. तुले समजते त्यातलं."

मला समजत होतं, हे खरं आहे. नववीला समस्थानिकांचे उपयोग शिकवताना मी फळ्यावर थायरॉईडचं चित्र काढायचो, फुलपाखरासारखी ग्रंथी, दोन्ही पंख खडूनं भरून. ती कशी शिकवायची हे मला पाठ होतं. प्रत्यक्षात मी तसलं काही पाहिलेलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, मला जायचा उत्साह होता. सकाळी मेहकरहून बस धरली तेव्हा सिंदखेड राजा येईपर्यंत मी वहिनींना सगळं समजावून सांगत होतो. हातात एक इंजेक्शन देतील. त्यातल्या औषधातून किरणं निघतात. थायरॉईडला ते आयोडीनच वाटतं, म्हणून ती ते ओढून घेते. मग कॅमेरा त्या किरणांवरून फोटो काढतो. जो भाग जास्त काम करतो तो जास्त उजळ दिसतो. वहिनी खिडकीकडे तोंड करून ऐकत होत्या. जालना जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "भाऊजी, ते औषध आंगात किती दिवस राह्यते?"

"दिवस कायचे? सहा तासांत अर्धं. अजून सहा तासांत त्याच्या अर्धं. परवापर्यंत नावाला उरत नाही."

"अन् त्यानं आतमधी काही होत नाही ना?"

"काही होत नाही वहिनी. अगदी थोडं देतात."

मला वाटलं, इंजेक्शनला घाबरल्या. त्या पुन्हा खिडकीकडे वळल्या आणि जरा सैल बसल्यासारख्या वाटल्या. माझं शिकवणं त्यांना पटलं, याचा मला आनंद झाला. वर्गातही असा आनंद क्वचित मिळतो.

तपासणीचं ठिकाण एका मोठ्या दवाखान्याच्या तळघरात होतं. दारावर किरणांचा इशारा देणारी तीन पात्यांची पिवळी खूण, आत गार हवा, भिंतीला लागून खुर्च्यांची रांग. खुर्च्यांवर गळ्याला पट्टी बांधलेले, डोळे बाहेर आलेले, वाळलेले, सुजलेले असे सगळे गळ्याचे लोक. वहिनी एका म्हाताऱ्याच्या शेजारी जागा पाहून बसल्या, पदर डोक्यावर. मी खिडकीपाशी गेलो. आतल्या मुलीनं फॉर्म दिला. फॉर्म इंग्रजीत. वहिनी दहावी झालेल्या, मराठी असता तर त्यांनीच भरला असता. नाव, वय, गाव, कुठली औषधं चालू आहेत, सगळं मी भराभर लिहिलं. मग एक ओळ आली. पेशंट गरोदर आहे का? शेवटच्या पाळीची तारीख?

मी पेन थांबवलं. त्या मुलीनं ते पाहिलं असावं. ती म्हणाली, "पेशंटला विचारून लिहा हं."

वहिनी दहा पावलांवर बसल्या होत्या. एका बाजूला म्हातारा, दुसऱ्या बाजूला बाप-लेक, समोर रांग. दहा पावलं चालून जायचं, वाकायचं आणि हळूच विचारायचं, एवढंच काम. आता वाटतं, कागद आणि पेन नुसता त्यांच्या मांडीवर ठेवला असता आणि ओळीवर बोट ठेवलं असतं तरी चाललं असतं. त्या मुलीला म्हटलं असतं, तुम्हीच विचारा ना, बाईमाणूस आहात, तरी चाललं असतं. त्या क्षणी मला यातलं काही सुचलं नाही. दिरानं वहिनीला हे विचारायचं? माझे कान तापले. सात वर्षांत मी त्यांना कधी "तब्येत बरी आहे का" यापुढे काही विचारलं नव्हतं.

मग मी हिशेब केला. घटक चाचणीचे पेपर घरी आणले तो रविवार. त्या दिवशी ताटात करपलेली भाकर होती, मायची. सोमवारीही. त्याला झाले वीस दिवस. मी तारीख लिहिली. गरोदर का, या प्रश्नापुढे "नाही" लिहिलं. खाली नातेवाईक म्हणून सही केली. अंदाजानं लिहितोय असं मला वाटलंच नाही, पुराव्यानं लिहितोय असं वाटलं. मुलीनं विचारलं, "विचारलं ना?" मी म्हणालो, "हो."

पुढचं सगळं पुस्तकातल्यासारखं झालं. इंजेक्शन जाड शिशाच्या नळकांड्यातून आलं. वीस मिनिटं बसवून ठेवलं. मग वहिनींना आडवं केलं, खांद्याखाली उशी देऊन गळा ताणला आणि कॅमेऱ्याची मोठी थाळी अगदी हनुवटीपाशी आणली. मला काचेबाहेरून पडदा दिसत होता. काळ्या पडद्यावर एक एक ठिपका पडत होता. आधी कुठेही, मग हळूहळू एकाच जागी. उजवीकडे एक पांढरा गोळा भरत गेला, भरत गेला, आणि बाकीची ग्रंथी दिसेचना. मी जे फुलपाखरू फळ्यावर काढायचो त्याचा एक पंख पेटला होता आणि दुसरा नव्हताच. कॅमेरा चालवणारी मुलगी म्हणाली, "गाठच सगळं काम करतेय. बाकीची ग्रंथी झोपलीय." मला फार थोर काही पाहिल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत नववीला ते सगळं सांगितलं, ठिपक्यांसकट. पोरं अर्धा तास हललीसुद्धा नाहीत.

रिपोर्ट त्याच दिवशी हातात पडला, पण तो पाहणाऱ्या मोठ्या डॉक्टरांची वेळ थेट दोन-अडीच महिन्यांनंतरची मिळाली. आम्ही घरी आलो. मायनं वहिनींची दृष्ट काढली.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी संध्याकाळी मी शाळेतून आलो तर माय पडवीत हसत रडत होती. एका हातानं वहिनींचा चेहरा कुरवाळत होती. "तीन महिने भरले बापा," ती मला म्हणाली. "तीन भरले! पोरीनं तोंडातून शब्द नाही काढला." वहिनी खाली पाहत होत्या, आणि सात वर्षांत मी त्यांना इतकं उजळलेलं पाहिलं नव्हतं. मग मायला एकदम आठवलं. "अवो, पण तू तं बसत होतीस ना बाजूले?"

"खोटी बसत होती आत्याबाई," वहिनी म्हणाल्या. "दोन डाव बसली. नसती बसली तं तुम्हाले समजलं असतं. तुम्हीच म्हणाले होते, मले बी सांगू नोको."

मी ओट्याच्या कडेला बसलो.

इतक्यात दादा वावरातून आला. मायनं त्याला सांगितलं. तो आधी हसला, मग वहिनींकडे पाहिलं, आणि हसू तसंच तोंडावर राहून डोळे बदलले. शेतकरी माणूस, पण डोकं तल्लख. "अन् ते इंजेक्शन?" तो म्हणाला. "ते किरणांचं? तवा पोटात होतं ना?"

मायनं वहिनींना विचारलं, "त्यायनं तुले इचारलं नाही का तिथं, दिवस गेले का म्हून?"

"मले कोनी काही इचारलं नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "विचारायले पाहिजे होतं त्यायनं." घरच्यांशी हे माझं पहिलं खोटं. बोलायला काहीच त्रास झाला नाही. तोंडातून सरळ आलं.

"तू तं सायन्सवाला हायेस ना बे," दादा म्हणाला. "सांग ना मंग. लेकराले काही होते का?"

मला काय माहीत होतं? सहा तासांत अर्धं होतं, हे माहीत होतं. थोडंच देतात, हेही माहीत होतं. किरणं वाढत्या जिवाला वाईट, हेसुद्धा माहीत होतं, तेही मीच शिकवायचो. किती म्हणजे थोडं आणि किती म्हणजे वाईट, हे मला माहीत नव्हतं, आणि ते सांगणारे लोक एका फोनवर होते. दादाही तेच म्हणाला. "फोन लाव त्यायले."

आमच्या घरात रेंज मिळत नाही, म्हणून मी अंगणापलीकडे गोठ्याकडे गेलो. नंबर लावला. एकदा वाजला. त्या एका वाजण्यात मला सगळं दिसलं. ती मुलगी फाईल काढेल. म्हणेल, गरोदर नाही असं लिहिलंय की तुम्ही. तारीख आहे, सही आहे, विचारलं का म्हटल्यावर हो म्हणालात. मग दादाला कळेल. मायला कळेल. मग गावाला कळेल की मास्तरनं वहिनीच्या पाळीची तारीख मनानं लिहून दिली, आणि ती कशावरून काढली तेही कळेल. मी फोन कापला. गोठ्यातल्या गाईजवळ दहा मिनिटं उभा राहिलो, बोलायला जितका वेळ लागतो तितका. मग आत आलो.

"इचारलं," मी म्हणालो. "ते म्हणतात, काही सांगता येत नाही. खात्री देत नाहीत."

माणूस एवढं सगळं एका वाक्यात कसं करू शकतो, हे मला अजून समजत नाही. मी वाईट माणूस नव्हतो. पोरांच्या फिया भरल्या आहेत मी. पण त्या संध्याकाळी मी माझी अब्रू आणि ते पोटातलं लेकरू एकमेकांसमोर ठेवलं, आणि अब्रू उचलली. लेकराला काही होणारच असेल तर माझ्या फोननं काय फरक पडणार होता, अशी मी मनाची समजूत काढली. विज्ञान शिकलेल्या माणसाची समजूतही बिनचूक असते.

मेहकरच्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही तिघं गेलो. त्यांनी सोनोग्राफी केली. ठोके चांगले आहेत म्हणाल्या. मग स्कॅनचा कागद पाहिला आणि मला विचारलं, "तिथल्या लोकांशी बोललात?"

"बोललो."

"काय म्हणाले?"

"खात्री देत नाहीत म्हणाले."

"लेखी काही?"

"फोनवर बोलणं झालं."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे माझं क्षेत्र नाही. ते नाही म्हणत असतील तर मी कुठून हो म्हणू? पण घाई करू नका. विचार करा." दादाच्या डोळ्यांसमोर आमच्या नात्यातला एक मुलगा आला, जन्मापासून अंथरुणावर असलेला. त्याची आई म्हातारी झाली आहे आणि अजून त्याला भरवते. परतीच्या वाटेवर दादा त्याच्याबद्दलच बोलत राहिला. माय घरी देवापुढे बसली. चौथ्या दिवशी सकाळी वहिनी मला चहा देताना म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बसमधी म्हणाले होते काही होत नाही म्हून."

मी बशीत चहा ओतला. "तवा मले माहीत नव्हतं वहिनी." घरच्यांशी हे तिसरं, आणि तीनांतलं सगळ्यांत वाईट. बसमध्ये मी खरं बोललो होतो. हे खोटं होतं.

त्या दादाला म्हणाल्या, "भाऊजी म्हणतात तसं करा."

गर्भ काढायचं सगळं रीतसर झालं, दवाखान्यात, कागदांवर. या वेळी सही वहिनींचीच लागत होती आणि फॉर्म मराठीत होता. त्यांनी तो पूर्ण वाचला. मी बाहेर बाकावर बसलो होतो. दादा भिंतीकडे तोंड करून उभा होता. दुपारी आम्ही त्यांना घरी आणलं तेव्हा गल्लीत कुणालाच काही माहीत नव्हतं, कारण या वेळी मायनं कुणाला सांगितलंच नव्हतं. त्यामुळे कुणी समजूत घालायला आलं नाही. घरात कुणाचं मरण झालं आणि दारात चप्पल नाही, असं ते पंधरा दिवस गेले.

वहिनी अंथरुणात मायला म्हणायच्या, "मी खोटी बसली म्हून झालं. देवाले खोटं चालत नाही. खरं सांगितलं असतं तं मले नेलंच नसतं." पुन्हा पुन्हा हेच. मायही म्हणायची, "माह्याच तोंडानं म्हणाली मी, सांगू नोको म्हून." दोघी आपापला दोष घेऊन बसायच्या. मी पलीकडे पाटावर बसून जेवायचो. ताटात मायची भाकर असायची. एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही की बायांनो, तुमचं कुणाचंच काही चुकलं नाही. मी ऐकायचो आणि जेवायचो. याची मला जितकी लाज वाटते तितकी त्या तारखेचीही वाटत नाही.

जानेवारीत मोठ्या डॉक्टरांची वेळ आली. तुरीची कापणी चालू होती. दादा म्हणाला मी येतो, पण वहिनीच म्हणाल्या, "तुम्ही पाहा तूर. भाऊजी हायेत." मी नाही म्हणू शकलो नाही.

डॉक्टर वयस्कर होते, हळू बोलणारे. त्यांनी स्कॅनचा फोटो उजेडाला धरला, वहिनींचा गळा पाहिला, हात पुढे करायला लावून त्यावर कागद ठेवला आणि तो कसा थरथरतो ते पाहिलं. म्हणाले, "बरं होणारं दुखणं आहे हे. आयोडीनचा एक डोस प्यायचा, गाठ आपोआप विझेल. फक्त त्याआधी गरोदर नाही ना, ते पक्कं करावं लागतं. तो डोस मोठा असतो, गर्भाला चालत नाही." मग त्यांनी विचारलं, "लेकरं किती?"

वहिनींनी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना कुणी विचारलं की त्या सांगायच्या. आधीचे दोन, आणि आताचं, इंजेक्शनामुळे काढावं लागलं ते.

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. "या स्कॅनमुळे?"

"हाव."

"बाई, या स्कॅनचं औषध फार थोडं असतं. गर्भापर्यंत जे पोचतं त्यानं काही होत नाही. चुकून दिलं गेलं तरी आम्ही मूल ठेवायलाच सांगतो. आधीची दोन बहुतेक या गाठीमुळेच गेली असतील. हे तिसरं टिकलं होतं. कुणाला विचारलं तुम्ही?"

"यायनं फोन केला होता इथं," वहिनी माझ्याकडे पाहून म्हणाल्या. "इथलेच म्हणाले, खात्री नाही म्हून."

"इथलं कुणी असं सांगणार नाही," डॉक्टर म्हणाले. आवाज चढला नाही त्यांचा. त्यांनी फाईल उघडली आणि आतून माझा फॉर्म काढला. "आणि इथे तर पाळीची तारीख आहे. ही कुणी सांगितली?"

कागद टेबलावर वहिनींच्या बाजूला होता. त्यांनी वाकून आकडे पाहिले. आकड्यांना इंग्रजी लागत नाही. त्यांनी बोटांवर दिवस मोजले, आणि मला कळलं की त्यांनी तो दिवस ओळखला आहे. त्या दिवशी त्या पडवीत खोट्या बसल्या होत्या. मग त्यांनी खालची सही पाहिली.

मी म्हणालो, "मी लिहिली, सर." एवढं तरी म्हणालो.

परतीच्या बसमध्ये जालना गेलं, सिंदखेड राजा गेलं. मेहकर अर्ध्या तासावर असताना त्या म्हणाल्या, "फोन केलाच नव्हता ना?"

"नाही वहिनी."

"घरी सांगू नका. तुमच्या भावाले सहन होनार नाही."

मी रडायला लागलो. बसमध्ये, लोकांसमोर, तीस वर्षांचा मास्तर. त्यांनी मला रडू दिलं. रुमाल दिला नाही, पाठीवर हात ठेवला नाही. माझं थांबल्यावर त्या तितक्याच हळू आवाजात म्हणाल्या, "मी खोटी बसली ते पोटातल्यासाठी. तुम्ही कोनासाठी खोटं बोलले, भाऊजी?"

उत्तर एकच होतं, आणि ते त्यांना माहीत होतं. बस मेहकरच्या स्टँडवर लागली, त्या पिशवी घेऊन माझ्याआधी उतरल्या. आयोडीननं त्यांची गाठ पुढे विझली, हातांची थरथर गेली, अंग भरलं. लेकरू मात्र झालं नाही. आम्ही अजून एकाच घरात राहतो, आणि त्या मला रोज जेवायला वाढतात.